तापातलं रक्त

माझ्या हातून एक खोटं वाक्य छापलं गेलं आहे. त्याच्या पाचशे प्रती निघाल्या, फरीदाबादच्या एका फाउंड्रीच्या गेटवर सकाळच्या पाळीला वाटल्या गेल्या, आणि दीड महिन्याने त्यातलीच एक प्रत कंपनीने स्वतःच्या नोटीस बोर्डावर काचेआड लावली. वाक्य हिंदीत होतं, आमची सगळी पत्रकं हिंदीतच निघत: ‘हमारे साथी का खून साफ़ है, गंदी है तो कंपनी की हवा.’ उत्तरार्ध खरा होता. पूर्वार्ध खोटा होता, आणि तो साथी माझा बाप होता.

बाबा कोल्हापूरहून आले ते हातात फाउंड्रीचं काम घेऊनच. फरीदाबादला दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि खाटेखाली युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे. मी शाळेत जायच्या आधी त्यांवरूनच हिंदी वाचायला शिकले. अक्षर बरं होतं म्हणून अकराव्या वर्षापासून सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल मीच कोरायची. आई उरलेल्या पत्रकांवर भाजी निवडायला बसायची आणि म्हणायची, “हिला ‘माँग-पत्र’ येतं, पण उखळ कशाला म्हणतात ते विचारा.” खरंच येत नव्हतं. दिल्लीकडच्या मराठी पोरांचे असे पुष्कळ शब्द गळतात. माझे गळले त्यांच्या जागी घोषणा आल्या. मला त्याची लाज नव्हती, आजही नाही.

मी कॉलेजात होते त्या वर्षांत फाउंड्रीला परदेशी ऑर्डरी यायला लागल्या. देशी गिऱ्हाइकाला ओतीव तुकडा जरा खडबडीत चालायचा, परदेशी गिऱ्हाइकाला तो गुळगुळीत हवा होता. गुळगुळीत करायचं काम फेटलिंग शेडमध्ये. साच्याची वाळू चिकटलेले तुकडे तिथे ग्राइंडरवर घासून साफ करतात. बाबा तिथे होते. एका पाळीच्या तीन पाळ्या झाल्या. धूळ ओढून बाहेर टाकणारे दोन मोठे पंखे होते, त्यातल्या एकाची मोटर जळली ती जळलीच. ऑफिसला मात्र एसी आला, काचेचं दार आलं. हायवेपलीकडच्या शेतांत पाट्या उभ्या राहिल्या. पाटीवर निळा तलाव, तलावाकाठी आरामखुर्ची, खाली लिहिलेलं ‘शुद्ध हवा में अपना घर’. बाबा ती पाटी वाचून हसायचे आणि हसता हसता खोकायचे.

मग ते जिन्यात थांबायला लागले. पहिल्या मजल्याच्या वळणावर वाकून बुटाची नाडी बांधायचे. एकदा मी वरून पाहिलं, पायात चपला होत्या.

त्यांनी जन्मात बिडी ओढली नव्हती. कामगार विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फुंकर मारायच्या नळीवर त्यांची तपासणी केली, एक्स-रे काढला, आणि कागद मेडिकल बोर्डाकडे पाठवला. आजार कामामुळे झाला की नाही हे ते बोर्ड ठरवणार होतं. सगळं त्यावर अडलं होतं. कागदावर ‘धूळ’ आलं तर इन्स्पेक्टरला शेडमध्ये यावं लागणार, पंखे लावून घ्यावे लागणार. नाही आलं तर बाबा ‘अनफिट’ म्हणून घरी, आणि शेड आहे तशी.

कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर गोड बोलणारे गृहस्थ होते. ते बाबांना म्हणाले, “भाई साहब, चालीस आदमी उसी शेड में हैं. आप ही को क्यों हुआ? खानदानी होगा. आजकल सब टेस्ट से पता चल जाता है.”

आणि त्यांनी बोर्डाला तसं पत्रच घातलं. रक्तात अल्फा-वन अँटीट्रिप्सिन नावाचं एक प्रथिन असतं, ते जन्मतः कमी असलं तर फुफ्फुसं लवकर खराब होतात, तेव्हा या कामगाराच्या रक्तातलं त्याचं प्रमाण आधी तपासावं. ते नाव आमच्या युनियन ऑफिसात कुणाला धड उच्चारताही येईना. सेक्रेटरी काका म्हणाले, “ये अल्फा-वल्फा बाद में. पहले हम खुद टेस्ट करवाएँगे, फिर देखेंगे इनको.”

पण टेस्टला जायचं तर सुट्टी हवी. आमच्या कंपनीत आजारपणाची सुट्टी थर्मामीटर द्यायचा. गेटच्या शेजारी डिस्पेन्सरी होती, तिथला कंपाउंडर तोंडात थर्मामीटर घालायचा. पारा शंभराच्या वर गेला तर चिठ्ठी, नाही तर “चलो, काम पर.” धाप लागते, छातीत घरघर होते, याला पारा लागत नाही. त्यामुळे आमच्याकडची माणसं दात दुखला तरी ताप यायची वाट पाहायची, आणि ताप आला की त्याच दिवसात दातवाला, डोळेवाला, बँक, सगळं उरकायची. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतच नव्हतं.

मार्चमध्ये बाबांना कफ होऊन ताप आला. पारा एकशे दोन. चिठ्ठी मिळाली. मी आणि ते बसने दिल्लीला एका लॅबमध्ये गेलो, रक्त दिलं, आणि त्यांना शाल पांघरून परत आणलं. चार दिवसांनी रिपोर्ट आला. प्रमाण खालच्या मर्यादेच्या थोडं वर. नॉर्मल.

मी त्याच संध्याकाळी स्टेन्सिल कोरलं. ‘खून साफ़ है’ लिहिताना माझा हात इतका खुशीत होता की मात्रा फाटली.

कंपनीने दीड महिना थांबून बाबांना ड्यूटीवरूनच उचललं, एसी गाडीत घालून आपल्या पसंतीच्या लॅबमध्ये नेलं. त्यांचा आकडा मर्यादेच्या बराच खाली. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर दोन कागद शेजारी शेजारी: डावीकडे माझं पत्रक, उजवीकडे त्यांचा रिपोर्ट. खाली एक ओळही लिहिली नव्हती. लिहायची गरज नव्हती.

युनियन ऑफिसात सेक्रेटरी काकांनी टेबलावर हात आपटला. “फर्जी है. लिख दे बेटी, रिपोर्ट फर्जी है. बड़े-बड़े अक्षरों में.”

मला लिहायचं होतं. शपथेवर सांगते, माझ्या डोक्यात तो मथळा तयार होता. बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. ते मराठीत, फक्त मला कळेल असं म्हणाले, “आधी विचारून ये. फर्जी असेल तर दणकून छाप.”

“आणि नसेल तर?”

“नसेल तर काय छापायचं ते तू बघ. लिहिणारी तू आहेस.”

मी आमच्याच लॅबमध्ये गेले. तिथे एक वयस्क डॉक्टरीण बसायच्या, केस पांढरे, पायात कॅनव्हासचे बूट. दोन्ही रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवून मी बरंच भाषण केलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “जिस दिन हमने खून लिया, बुखार था?”

“हां. एक सौ दो.”

“तो फिर हमारा वाला गलत है, बेटा. उनका सही है.”

त्यांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. धूळ, धूर किंवा जंतू छातीत शिरले की शरीराच्या पांढऱ्या पेशी धावून जातात आणि एक चावरा रस सोडतात. तो रस घाण खातो, पण आवरला नाही तर फुफ्फुसाचा लवचिक पडदाही खातो. त्याला आवरणारं प्रथिन यकृतात तयार होतं आणि रक्तातून फिरतं, ते म्हणजे हे. ते किती तयार व्हायचं याची आज्ञा आईकडून एक आणि बापाकडून एक अशी येते. तुझ्या बाबांची एक आज्ञा बहुतेक अशक्त आहे. पण अंगात ताप असला, छातीत संसर्ग असला, की यकृत हे प्रथिन जास्त बनवायला लागतं, आणि मग कमी असलेला माणूस त्या दिवसापुरता नॉर्मल दिसतो.

“बुखार में यह टेस्ट कौन करवाता है?” त्या जरा वैतागूनच म्हणाल्या.

मी म्हणाले, “जिसे बिना बुखार छुट्टी नहीं मिलती.”

मग त्यांनी थर्मामीटरची सगळी गोष्ट विचारून घेतली.

“म्हणजे कंपनी बरोबर आहे?” मी हिंदीत विचारलं.

“रक्त बरोबर सांगितलं त्यांनी. आजार नाही सांगितला.” एक आज्ञा अशक्त असलेली माणसं रस्त्यात कितीतरी फिरत असतात, त्या म्हणाल्या, धूर-धुळीपासून लांब राहिली तर बहुतेकांना कधी कळतही नाही. तुझ्या बाबांना धुळीत उभं केलं म्हणून कळलं. “मी हे लिहून देईन. पण बोर्डासमोर कागदापेक्षा माणूस बरा. त्यांना भाऊ-बहीण आहे?”

बाबांना एकच मोठी बहीण. माझी आत्या. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, नवरा मंत्रालयात क्लार्क. आत्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन तीन मजले बोलत बोलत चढायची, वर पोचल्यावरही वाक्य अर्धवट नसायचं. मी जिन्यात तिच्या मागे चढताना पहिल्यांदाच तिच्या श्वासाकडे लक्ष दिलं, आणि मला तिचा राग आला. तिने काय केलं होतं? काही नाही. धुळीत उभी राहिली नव्हती एवढंच.

तिने सगळं ऐकलं, गॅस बंद केला आणि म्हणाली, “नाही.”

“आत्या, फक्त रक्त द्यायचंय.”

“आणि मग तू ते छापणार. मला माहीत नाही का तुला! हिचं ठरतंय.” आतल्या खोलीकडे मान करून ती हळू बोलली. माझी आतेबहीण तिथे होती. “मुलगा गुडगावला कॉम्प्युटरमध्ये. घरचे पुण्याचे. इथे दिल्लीतच द्वारकेला सोसायटीत फ्लॅट बुक केलाय त्यांनी. उद्या त्यांना कळलं की आमच्या रक्तात खोट आहे—”

“कळणार कसं? फाउंड्रीचं पत्रक पुण्याला जातं का?”

“गणपतीला मंडळात फरीदाबादची चार घरं येतात, बये. चार घरं पुरतात.”

“म्हणजे तुझ्या जावयासाठी माझ्या बापाला जन्मतःच कच्चा ठरवू द्यायचं?”

हे मी मोठ्याने बोलले. आतल्या खोलीतला रेडिओ बंद झाला. आत्याचं तोंड एकदम म्हातारं दिसलं. “त्याला मी कडेवर घेऊन वाढवलाय,” ती म्हणाली. “तू मला शिकवू नकोस कोण कच्चा आणि कोण पक्का.” मग तिने मला थालीपिठाचा डबा दिला आणि दार लावून घेतलं. चिडली तरी डबा देणारच, अशी ती आहे.

घरी आल्यावर बाबांनी तो डबा उघडला, एक घास खाल्ला आणि म्हणाले, “ताईला त्रास देऊ नकोस.”

“तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“वाटतं. पण तिच्या रक्तावर माझा हक्क नाही, आणि तुझा तर त्याहून नाही.”

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. आज मला वाटतं ते बरोबर होते. तेव्हा वाटलं ते घाबरले.

मधल्या आठवड्यात कंपनीने आणखी एक नामी तोडगा काढला. शेडमधल्या सगळ्यांचं रक्त तपासू, मॅनेजर म्हणाले, ज्यांचं प्रथिन भरपूर निघेल त्यांनाच तिथे ठेवू, बाकीच्यांचा हिशेब करून घरी. हे ऐकून शेडमधले दोघे-तिघे बाबांना म्हणाले, “उस्ताद, बात तो ठीक है. हम भी जाँच करा लें, पता तो चले किसके पास कितना है.”

बाबांना एका दमात मोठं वाक्य बोलता येत नसे. त्यांनी मधे थांबून थांबून सांगितलं, “जिसके पास ज़्यादा है… वो क्या करेगा? ज़्यादा धूल खाएगा? पंखा माँगो. सबके लिए.”

मला माझं पत्रक सापडलं.

आठव्या दिवशी खालच्या किराणा दुकानात आमच्यासाठी फोन आला. आत्या. “उद्या नऊला लॅबवर येते. उपाशी यायचं असतं का?”

“नाही. पण ताप नको.”

“मला कुठला ताप येतोय!” मग आवाज उतरवून म्हणाली, “मी त्यांना पुण्याला सांगितलंय. माझ्या तोंडाने. तुझ्या पत्रकातून कळण्यापेक्षा बरं.”

“काय म्हणाले?”

“विचार करून कळवतो म्हणाले. करू देत विचार.”

ते स्थळ परत आलं नाही. आतेबहीण वर्षभर माझ्याशी बोलली नाही आणि तिचं चुकलं नाही. हे मी इथे लिहितेय कारण लढ्याच्या गोष्टीत किंमत नेहमी दुसऱ्याच कुणीतरी मोजलेली असते आणि लिहिणारे ते गाळतात.

लॅबमध्ये आत्याने बाही वर करताना डॉक्टरीणबाईंना बजावलं, “मेरे को बुखार नहीं है, पहले ही बोल देती हूँ.” बाईंनी हसून तरीही थर्मामीटर लावला. मग मीही बाही वर केली. आईने मला तसं करू नकोस म्हणून सांगितलं होतं. माहीत नसलेलं बरं, असं तिचं मत. पण दुसऱ्याच्या रक्तावर पत्रक लिहायचं आणि आपलं झाकून ठेवायचं, हे मला जमलं नसतं.

आत्याचं प्रमाण जवळपास बाबांइतकंच कमी. माझंही कमी.

कागद हातात आल्यावर मला भीती वाटली, ती पाच-दहा मिनिटं. मग राग आला, आणि तो बराच टिकला. तीन माणसं, एकच अशक्त आज्ञा, आणि जिन्यात थांबणारा एकच. जो कंपनीसाठी लोखंड चकचकीत करत होता तो.

नवीन स्टेन्सिलची पहिली ओळ होती: ‘पिछले पर्चे में हमने ग़लत लिखा था.’ सेक्रेटरी काका उखडले. “पर्चे में माफ़ी नहीं माँगी जाती. दुश्मन हँसेगा.”

“वो तो हँस ही रहा है, काका. बोर्ड पर टाँगकर.”

पुढे मी लिहिलं की आमच्या साथीच्या रक्तात एक रक्षक प्रथिन जन्मापासून कमी आहे. आमची टेस्ट चुकली कारण ती तापात झाली, आणि तापात झाली कारण या कंपनीत तापाशिवाय सुट्टी नाही. त्यांच्या बहिणीचं रक्त तसंच, मुलीचं तसंच, दोघींची छाती ठणठणीत. ज्याची ढाल पातळ आहे हे तुम्हाला आता माहीत आहे त्याच्यावर धूळ सोडण्याचा गुन्हा कमी होत नाही, वाढतो. शेवटची ओळ मोठ्या अक्षरात: ‘हवा के लायक आदमी मत ढूँढो. आदमी के लायक हवा दो.’ वाटायला बाबा स्वतः गेले. दहा पत्रकं दिली की थांबायचे, पुन्हा दहा. या वेळी नाडी बांधायचं नाटक नाही केलं. गेटसमोर उघड उभे राहून श्वास घेत होते.

बोर्ड म्हणजे एका लांब टेबलामागे तीन डॉक्टर. आम्ही, आत्या, आणि कंपनीकडून एक तरुण डॉक्टर. तो चांगलं बोलला. प्रथिनाचं प्रमाण, वंशपरंपरा, शेडमधले इतर निरोगी कामगार. मधल्या डॉक्टरांनी मान हलवत लिहायला सुरुवात केली आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, “हेरेडिटरी… मूल कारण…”

मी तोंड उघडायच्या आत आत्या उभी राहिली. हातात पर्स घट्ट धरलेली, सरोजिनी मार्केटात कापडवाल्याशी बोलते त्याच सुरात.

“साहब, खून तो मेरा भी यही है. ये रहा काग़ज़. उमर में इससे चार साल बड़ी हूँ. तीन मंज़िल रोज़ चढ़ती हूँ, दोनों हाथ में थैला. खून से होता तो मुझे क्यों नहीं हुआ?”

“माताजी, आप बैठिए—”

“बैठती हूँ. आप बताइए, फिर बैठती हूँ.”

मधल्या डॉक्टरांनी कंपनीच्या डॉक्टराकडे पाहिलं. तो आपल्या फायलीत काहीतरी शोधायला लागला. डावीकडच्या डॉक्टरांनी डॉक्टरीणबाईंचं पत्र मागून घेतलं आणि तिघांनी ते आळीपाळीने वाचलं. आत्या तोवर उभीच.

आम्हाला बाहेर बसवलं. तासाभराने कागद आला. व्हरांड्यात बाबांनी चष्मा शोधला, सापडला नाही, आणि कागद माझ्याकडे दिला. इंग्रजीत चार ओळी होत्या. आजार कामाच्या ठिकाणच्या धुळीमुळे. त्याखाली, रक्तातील संरक्षक प्रथिन आनुवंशिकतेने कमी असल्यामुळे धुळीचा परिणाम अधिक तीव्र. त्याखाली, शेडची पाहणी व्हावी.

“दोन्ही लिहिलंय,” मी म्हणाले.

“आधी काय लिहिलंय?”

“आधी धूळ.”

बाबांनी एक श्वास घेतला, मग दुसरा. आत्याने पर्समधून रुमाल काढून त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला, लहान पोराचा पुसावा तसा.

“मग छाप,” ते म्हणाले. “आणि या वेळी दोन्ही ओळी छाप.”